जपानी कार्डांचे वेळापत्रक आणि कृष्णाकाठचे खेळाडू

एका बाजूला खेळाडूचे छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला त्याची आकडेवारी छापलेला, तळहातात मावणारा जाड कागदाचा तुकडा, ही बेसबॉल कार्डाची साधी व्याख्या झाली. परंतु या तुकड्यासाठी जगभरची प्रौढ माणसे वर्षभर वाट पाहतात आणि प्रसंगी घराच्या किमतीइतकी रक्कम मोजतात याचा उलगडा तिच्यातून होत नाही. त्यासाठी व्याख्येत आणखी एक गोष्ट घालावी लागते, ती अशी की कार्ड कधीच एकटे जन्माला येत नाही. ते एका मालिकेचा भाग असते, त्याला क्रमांक असतो, मालिकेला साल असते, आणि ती मालिका अमुक महिन्यात बाजारात येणार हे प्रकाशकाने आधीच जाहीर केलेले असते. दिवाळी अंकांची जाहिरात गणपतीच्या सुमारास सुरू व्हावी आणि वाचकाने अंक हाती येण्यापूर्वीच त्यात कोण असेल याचे अंदाज बांधावेत, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की जपानमध्ये अशी दिवाळी वर्षातून अनेकदा येते.

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये बारा संघ असून ते सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीगमध्ये विभागलेले आहेत. हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो व शरद ऋतूत संपतो, आणि ऑक्टोबरमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो, म्हणजे शाळा-महाविद्यालयांतून आणि कंपन्यांच्या हौशी संघांतून पुढे आलेल्या नव्या खेळाडूंची संघांमध्ये वाटणी होते. कार्डांचे वेळापत्रक या चक्राला बांधलेले आहे. ‘बेसबॉल मॅगझिन’ या प्रकाशनसंस्थेची ‘बीबीएम’ नावाने ओळखली जाणारी कार्डे १९९१ पासून निघत आहेत, आणि त्यांचा दरवर्षीचा क्रम साधारणपणे असा असतो: हिवाळा सरताना, नवे खेळाडू अजून सराव शिबिरातच असताना, ‘रूकी एडिशन’ म्हणजे केवळ नवख्यांची मालिका येते, हंगाम सुरू झाल्यावर वसंतात ‘फर्स्ट व्हर्जन’ ही मुख्य मालिका आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तिचा दुसरा भाग येतो, मधल्या काळात एकेका संघाचे स्वतंत्र संच निघतात, आणि वर्षाच्या शेवटाकडे अधिक महाग, स्वाक्षऱ्यांची कार्डे घातलेल्या मालिका येतात. अमेरिकेच्या ‘टॉप्स’ कंपनीनेही अलीकडच्या वर्षांत जपानी लीगची कार्डे काढायला सुरुवात केल्यामुळे ही रांग आणखी लांबली आहे.

या सर्वांत संग्राहकांचे लक्ष सर्वाधिक लागलेले असते ते नवख्यांच्या मालिकेकडे, आणि त्याचे कारण समजल्याखेरीज या छंदाचे अर्थकारण समजत नाही. ज्या खेळाडूने व्यावसायिक सामन्यात अजून एकही चेंडू टाकलेला किंवा टोलवलेला नाही, त्याचे पहिले कार्ड त्या वेळी नाममात्र किमतीत मिळते, आणि तो पुढे मोठा झाला तर त्याच्या नंतरच्या शेकडो कार्डांपेक्षा हे पहिले कार्ड मोलाचे ठरते. गोलंदाजी आणि फलंदाजी या दोन्ही बाजू एकट्याने सांभाळणारा शोहेई ओतानी २०१२च्या ड्राफ्टमधून निप्पॉन-हॅम फायटर्स संघात आला, आणि २०१३च्या ‘रूकी एडिशन’मध्ये त्याचे कार्ड निघाले, तो अमेरिकेत खेळू लागला २०१८ मध्ये, म्हणजे अमेरिकन संग्राहकांना तो नवखा वाटला तेव्हा जपानी संग्राहकांच्या पेटीत त्याची पाच वर्षांची कार्डे साठलेली होती. इचिरो सुझुकीचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे पहिले बीबीएम कार्ड १९९३च्या मालिकेत २३९ क्रमांकावर आहे, आणि त्या वर्षी पाकिटातून ते निघालेल्या माणसाला ते बाजूला काढून ठेवावे असे वाटण्याचे काहीही कारण नव्हते. पुढच्याच हंगामात, १९९४ मध्ये, इचिरोने २१० ‘हिट’ मारून जपानी विक्रम केला. आगामी मालिकेची वाट पाहणे म्हणजे अशा न घडलेल्या पुढच्या वर्षाची वाट पाहणे होय.

पाकीट बंद असते, आत कोणाचे कार्ड आहे हे दिसत नाही. मालिकेतील नेहमीच्या कार्डांबरोबर काही पाकिटांत ‘पॅरलल’ कार्डे घातलेली असतात, म्हणजे तेच चित्र पण वेगळ्या रंगाच्या किंवा चकाकणाऱ्या कडेचे. त्यांतील काहींवर ‘५० पैकी १७’ असा अनुक्रम छापलेला असतो, ज्यामुळे अशी कार्डे जगात पन्नासच आहेत याची हमी मिळते. टंचाई येथे मुद्दाम घडवलेली असते, आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर छंद आणि सोडत यांच्यामधली भिंत या ठिकाणी फारच पातळ होते. खेळाडू हवा असणाऱ्याने बंद पाकिटांच्या मागे न लागता हवे ते कार्ड सुटे विकत घ्यावे, हे जाणत्या संग्राहकांमध्ये सर्वमान्य मत आहे. ते पाळले मात्र फार कमी जाते.

मुलांचा मार्ग वेगळा होता. कॅल्बी या जपानी खाद्यपदार्थ कंपनीने १९७३ मध्ये आपल्या खाऊच्या पुड्यांसोबत बेसबॉल कार्डे द्यायला सुरुवात केली, आणि त्या पहिल्या मालिकेतील पहिला क्रमांक शिगेओ नागाशिमा या त्या काळच्या सर्वांत लाडक्या खेळाडूला मिळाला. आता बटाट्याच्या वेफर्सच्या पुड्याला मागच्या बाजूने कार्डांचे छोटे पाकीट चिकटवलेले असते, आणि त्यात ‘लकी कार्ड’ निघाले तर ते कंपनीकडे पाठवून कार्डे ठेवायचा अल्बम मिळवता येतो. ही युक्ती महाराष्ट्रातील चाळिशी-पन्नाशीच्या वाचकाला परकी वाटणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बिग फन’ बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची छोटी चित्रे येत, त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत, आणि ठरावीक बेरीज जमली की पाने भरभर सोडल्यावर फलंदाज फटका मारताना दिसावा अशी चिमुकली पुस्तिका मिळे. गम चघळून संपायचे आणि बेरीज चार धावांनी कमी पडायची.

त्याहून मागे गेले तर जपान आणि महाराष्ट्र यांचे धागे अधिकच गुंततात. जपानी मुले ‘मेन्को’ नावाचा खेळ खेळत: जाड पुठ्ठ्याचे चित्र जमिनीवर ठेवायचे, दुसऱ्याने आपले चित्र त्याच्या शेजारी जोरात आपटायचे, वाऱ्याच्या झोताने पहिले उलटले तर ते जिंकून न्यायचे, युद्धोत्तर काळात या पुठ्ठ्यांवर बेसबॉलपटूंची चित्रे आली, आणि जपानी बेसबॉल कार्डांच्या वंशावळीत मेन्कोचे स्थान मोठे आहे. महाराष्ट्रातल्या मुलांनी हीच हौस काडेपेटीवरच्या चित्रांवर आणि सिगारेटच्या रिकाम्या पाकिटांवर भागवली. या काडेपेट्यांमधला मोठा वाटा विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमधून येत होता, आणि हिंदी गिऱ्हाइकाला रुचावीत म्हणून त्यांवर देवादिकांची चित्रे जपानी छापखान्यांत छापली जात असत. आयात जकात वाढल्यावर १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर ‘विमको’ कंपनी स्थापन झाली, तिचा कारखाना अंबरनाथला निघाला, आणि जपानी चित्रांचा ओघ आटला.

यानंतर साताऱ्या-सांगलीच्या वाचकाला पडणारा प्रश्न सरळ आहे. या दोन जिल्ह्यांनी देशाला एवढे खेळाडू दिले, तर त्यांची कार्डे कोठे आहेत? या प्रश्नाची चर्चा १९५२ या एका सालाभोवती करता येते, कारण योगायोगाने कार्डांच्या इतिहासातही हेच साल मैलाचा दगड मानले जाते. त्या वर्षी अमेरिकेत टॉप्स कंपनीने काढलेल्या मालिकेतील मिकी मँटलचे ३११ क्रमांकाचे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. मँटल थोर खेळाडू होता यात शंका नाही, पण किंमत थोरवीची नाही. मालिकेतले शेवटचे क्रमांक हंगाम सरत आल्यावर बाजारात आले, मुलांचे लक्ष तोवर अमेरिकन फुटबॉलकडे वळले होते, माल पडून राहिला, आणि १९६० मध्ये कंपनीने उरलेल्या पेट्या समुद्रात बुडवल्या. जी वाचली ती दुर्मिळ झाली.

त्याच १९५२च्या फेब्रुवारीत, मद्रासला इंग्लंडविरुद्ध, भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, आणि त्या संघाचा कर्णधार ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत जन्मलेला विजय हजारे होता. हजाऱ्यांचे कार्ड कल्पनेने उलटे करून पाहिले तर त्याची मागची बाजू कोणत्याही बेसबॉल कार्डाला लाजवील अशी निघते: कसोटी सामने ३०, धावा २१९२, सरासरी ४७.६५, शतके ७. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५. मुंबईच्या पंचरंगी सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याच्या ३०९. या शेवटच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहावी, म्हणजे बाकीच्या सर्वांनी आणि अवांतरांनी मिळून काय केले ते दिसते. परंतु क्रिकेटपटूंची चित्रे घराघरांत पोचवणारी जी मोठी परंपरा होती, ती ब्रिटिश सिगारेट कंपन्यांची, म्हणजे सिगारेटच्या पाकिटात घातल्या जाणाऱ्या कार्डांची, आणि महायुद्धातील कागदटंचाईमुळे बड्या कंपन्यांच्या त्या मालिका १९४०च्या सुमारास बंद पडल्या. हजारे पहिली कसोटी खेळले १९४६ मध्ये. रणजितसिंहजी १८९६च्या विल्स मालिकेत आहेत. हजारे यायच्या आधी दुकान बंद झाले होते.

पुढच्या काळात भारतात हे काम खासगी प्रकाशकांपेक्षा टपाल खात्याने केले. आगामी तिकिटांचा वार्षिक कार्यक्रम टपाल खाते जाहीर करते, पहिल्या दिवसाचा शिक्का मारलेला ‘प्रथम दिवस लिफाफा’ निघतो, आणि मोठ्या टपाल कार्यालयातील फिलाटेली विभागात आगाऊ रक्कम भरून खाते उघडले की नवी तिकिटे घरबसल्या येत राहतात. जपानी संग्राहकाच्या आगाऊ नोंदणीची ही सरकारी आवृत्तीच म्हणावी लागेल. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमधील विजयांबद्दल २० पैशांचे तिकीट निघाले. १९९६ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंचा चार तिकिटांचा संच निघाला, त्यात सी. के. नायडू, विनू मांकड, दि. ब. देवधर आणि विजय मर्चंट आहेत. मद्रासच्या त्या विजयात बारा बळी घेणारे मांकड आहेत, कर्णधार नाही. चौघांच्या पात्रतेविषयी वाद घालण्याचे कारण नाही, पण पाचवे तिकीट छापायला कागद अपुरा पडला नसता.

पहिल्या कसोटी विजयानंतर पाच महिन्यांनी, जुलै १९५२ मध्ये, हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटातील फ्रीस्टाईल कुस्तीत कांस्यपदक मिळवले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या गटाचे सुवर्णपदक शोहाची इशी या जपानी मल्लाला मिळाले, आणि त्या स्पर्धेत जपानला मिळालेले एकमेव सुवर्ण तेच होते. म्हणजे त्या वर्षीचा जपानचा सर्वांत मोठा ऑलिंपिक विजय आणि सातारा जिल्ह्याचा सर्वांत मोठा ऑलिंपिक विजय हे एकाच आखाड्यातले आहेत.

येथे मात्र प्रकाशक नव्हता एवढे सांगून भागत नाही, कारण कुस्ती हा खेळच कार्डाच्या मागच्या बाजूवर सहज मावणारा नाही. बेसबॉल आणि क्रिकेट हे मोजणीचे खेळ आहेत. प्रत्येक चेंडूची नोंद होते, बेरीज होते, सरासरी निघते, आणि पन्नास वर्षांनंतरही कार्ड उलटून दोन खेळाडूंची तुलना करता येते. मातीतल्या कुस्तीत पैलवान चितपट झाला की कुस्ती निकाली. ती दोन मिनिटांत झाली की पाऊण तासात, कोणत्या डावावर झाली, हे आखाड्याभोवती बसलेल्यांच्या तोंडी राहते. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर या सांगली जिल्ह्यातील दोन मल्लांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले, तेवढे आकड्यांत सांगता येते. पण या दोघांनी गावोगावच्या मैदानांत मारलेल्या कुस्त्यांची बेरीज मांडणारा तक्ता कोणत्याही कार्डावर बसवता येणार नाही.

तरीही पैलवानांचे चित्र कागदावर आले, आणि तेही आगामी घटनेची घोषणा म्हणूनच आले. यात्रेच्या आधी गावाची कमिटी ‘जंगी निकाली कुस्त्यांचे मैदान’ असे मोठे मथळे घातलेले पत्रक छापते. वर ग्रामदैवत, त्याखाली पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीचे इनाम, त्याच्या दोन्ही बाजूंना मांडीवर थाप मारून उभे राहिलेले दोन पैलवान, प्रत्येकाच्या नावाआधी ‘पै.’ आणि नावाखाली तालमीचे नाव, कधी वस्तादाचेही. मग दुसऱ्या क्रमांकाची जोड, तिसऱ्याची, आणि खाली उतरत जाणाऱ्या इनामांबरोबर लहान लहान होत जाणारी चित्रे. शेवटी तारीख, वेळ, स्थळ. खटाव तालुक्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की पलूस तालुक्यातील कुंडलचे मैदान, पत्रकाची ही मांडणी ओळखीची असते. जोड ठरवणे हे जाणकारांचे काम मानले जाते, आणि पत्रक हाती पडताच पारावर सुरू होणारी चर्चा ही नव्या मालिकेची यादी जाहीर झाल्यावर टोकियोतल्या कार्डांच्या दुकानात होणाऱ्या चर्चेच्याच जातीची असते. कार्ड खेळाडूला त्याने काय केले यावरून ओळखते, पत्रक त्याला तो कोणाशी लढणार यावरून ओळखते. आणि या भागातील क्रीडा-इतिहास लिहू पाहणाऱ्याला हे दुसरे कागद अधिक उपयोगी पडण्यासारखे आहेत, कारण कोणत्या साली कोणत्या तालमीचा दबदबा होता आणि कोणत्या गावाला किती इनाम परवडत होते हे त्यांतूनच कळते.

सांगलीच्या नव्या पिढीच्या बाबतीत परिस्थिती पालटली आहे. १९९६ मध्ये मुंबईत जन्मलेली आणि सांगलीच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना २०१३ मध्ये भारतासाठी पहिला एकदिवसीय सामना खेळली आणि त्याच वर्षी १९ वर्षांखालील सामन्यात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा करून गेली. जपानी पद्धत येथे असती तर २०१३चे तिचे ‘रूकी’ कार्ड २०२५चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाच्या उपकर्णधाराचे पहिले कार्ड म्हणून आज हातोहात गेले असते. क्रिकेटची कार्डे भारतात आता निघतात, टॉप्सची ‘क्रिकेट अटॅक्स’ मालिका शाळकरी मुलांना ठाऊक आहे, परंतु ती प्रामुख्याने खेळायची कार्डे आहेत, जपून ठेवायची नव्हेत.

ज्याला जपानी कार्डेच हवी आहेत, त्याला साताऱ्यात बसूनही ती मिळवता येतात. जपानी लिलाव-स्थळांवर परदेशी गिऱ्हाईक थेट व्यवहार करू शकत नसल्यास त्याच्या वतीने खरेदी करणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आहेत. त्या वस्तू आपल्या गोदामात जमा करून एकत्र पाठवतात, आणि कार्डाच्या किमतीवर त्यांचे कमिशन, टपालखर्च, सीमाशुल्क व कर असा थर चढत गेल्याने शंभर रुपयांचे एकटे कार्ड मागवणे शहाणपणाचे ठरत नाही. महागडे कार्ड घेताना ‘ग्रेडिंग’ पाहतात, म्हणजे त्रयस्थ संस्थेने कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र बरोबर मध्यभागी छापले आहे की नाही हे तपासून त्याला एक ते दहा असा दर्जा देऊन ते कठीण प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद केलेले असते. १९९१ मध्ये सुरू झालेली अमेरिकेची पीएसए ही अशा संस्थांमध्ये सर्वांत परिचित आहे. नऊ आणि दहा यांतला फरक नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही, किमतीत मात्र दिसतो.

कार्ड घरी आल्यानंतरचा शत्रू हवा हा आहे. चकाकणाऱ्या कार्डात कागदावर धातूचा किंवा प्लास्टिकचा पातळ थर असतो. दमट हवेत कागद फुगतो, तो थर फुगत नाही, आणि कार्ड पापडासारखे वळते. महाबळेश्वर, पाटण, शिराळा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कागद कोरडा ठेवणे हेच मोठे काम आहे. कसर आणि वाळवी यांच्या भीतीने डांबराच्या गोळ्या टाकण्याची घरगुती सवय येथे टाळावी, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक खराब होते. मऊ पीव्हीसीचे स्वस्त अल्बमही काही वर्षांत चिकट होऊन छपाई ओढून घेतात, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचे कव्हर, सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा डबा वापरतात. डबा कोठे ठेवायचा, हा सांगलीत निराळा प्रश्न आहे. १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेले होते, आणि नदीकाठच्या भागांत तळमजल्यावर ठेवलेल्या कागदाला कोणत्याही कव्हराने वाचवले नसते. कागदाचा संग्रह येथे माळ्यावर असावा.

कुस्तीच्या पत्रकासाठी असे कव्हर कोणी घेत नाही. ते हलक्या कागदावर छापलेले असते, उन्हात आठवडाभरात पिवळे पडते, आणि आता पुष्कळ ठिकाणी त्याची जागा फ्लेक्सने आणि मोबाईलवर फिरणाऱ्या चित्राने घेतली आहे. चैत्रात, जपानमध्ये हंगामाची पहिली मुख्य मालिका येण्याच्या सुमारास, कृष्णाकाठीही गावोगावच्या यात्रा सुरू होतात, एस.टी. स्टँडच्या भिंतीवर आणि चहाच्या हॉटेलच्या दारावर एका गावचे पत्रक लागते, मैदान होते, आणि पुढच्या गावचा पोरगा खळीचा डबा घेऊन येतो व आपले पत्रक त्याच्यावरच चिकटवतो.